बर्फावरच्या होडीतलं वजन

—सोडतेय ना क्लच, सोडतेय, ओरडू नकोस. गेली की नाही? गेली! बंदसुद्धा पडली नाही, बघ. आणि क्लिफर्ड, तू असा दाराला धरून बसू नकोस रे, मला हसू येतं — तुझ्या पायाशी दुसरा ब्रेक आहे ना, मग तुला कसली भीती? बोळिंज मागे पडलं, आता सरळ आगाशी. आगाशीला जाऊन आले तरच लायसनच्या परीक्षेला नेणार म्हणालास, मग आता गप्प बस. काय विचारत होतास — काकू, या वयात गाडी कशाला शिकता? सांगते. पण घरी बोलायचं नाही हं. आमचे जयवंतराव समजतात, मी भजनाला जाते. पिशवीत टाळसुद्धा ठेवलेत — आत्ता खड्ड्यात वाजलं ना, ते तेच!

लग्न झाल्यापासून मी त्यांच्या स्कूटरवर मागे. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी, आणि पुढून एकच वाक्य — हलू नकोस, तोल जातो. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. एकदा म्हटलं, मला शिकवा की चालवायला. तर हसले. वाईट नाही रे, प्रेमानंच हसले, तेच जास्त लागतं. म्हणे, तुला नाही जमायचं. झालं, विषय संपला — दिसली, एसटी दिसली मला, आंधळी नाहीये मी!

तर उन्नतीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या बाळंतपणाला गेले ना अमेरिकेला, गेल्या थंडीत. सगळ्या आया जातात तशीच गेले — डिंकाचे लाडू, बाळाची मालीश, धुरी, आणि खिडकीबाहेर नुसतं पांढरं. पण घरामागे तळं होतं, अख्खं गोठलेलं, आणि त्याच्यावर काय, तर शिडाच्या होड्या! हसू नकोस, खऱ्या होड्या, शीड, डोलकाठी, सगळं — फक्त खाली पोलादाची तीन पाती. शिडात वारा भरला की बर्फावरून अशा सुटतात की बघणाऱ्याची मान अवघडते. रविवारी शर्यती. माझा हात बाळाच्या पायावर नि डोळे तळ्यावर. एका रविवारी शेजारचा डेव्ह दारात उभा — माझ्याहून दहा वर्षांनी तरी म्हातारा — म्हणे जोडीदाराला ताप आलाय, वारा फार आहे, होडी उलटू नये म्हणून वजन पाहिजे. आमचे जावई जितेंद्र पुढे झाले, पण ते स्वतःच वाऱ्यानं उडतील असे. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. आणि त्याचा चेहरा असा फुलला! जन्मात पहिल्यांदा कोणी माझं वजन बघून खूश झालं रे!

उन्नती नको नको म्हणेपर्यंत मी जावयाचं जाकीट चढवलं, खाली माझी सलवार, वर हेल्मेट. एका आडव्या फळीच्या टोकाला मला पालथी निजवली, हातात दोरी दिली, आणि सुटली की होडी! माझं इंग्रजी जेमतेम, पण तो एकच शब्द ओरडत होता — मूव्ह! मूव्ह! हल बाई, हल! माझी बाजू बर्फावरून उचलली, चालली वर, आणि मी सगळं अंग बाहेर झोकलं — धप्पकन खाली बसली! माझ्यामुळे, क्लिफर्ड. मी हलले म्हणून तोल राहिला. डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं, रामरक्षा म्हणायला तोंड उघडलं तर नुसती किंकाळी — आनंदाची! कितवे आलो? तिसरे. होड्या किती होत्या? तीन. तुला काय करायचंय?

खरी गंमत तर पुढेच. परत येताना डेव्हनं सुकाणू माझ्या हातात दिलं. माझ्या! त्या होडीला ब्रेकच नसतो, ठाऊक आहे? थांबायचं तर तोंड वाऱ्याकडे वळवायचं — हो रे, हिला आहे ब्रेक, दाबला, दाबला! गेली बघ गाय. तर तो सारखा खुणावत होता, किनाऱ्याकडे घे. तिथे नातू रडत असणार, उन्नतीसाठी अळीव भिजत घातलेले — आणि मला वळायचंच नव्हतं. कोणी आठवलंच नाही. लेक नाही, नातू नाही, हेसुद्धा नाहीत. परत येऊच नये असं वाटलं... हे मी उन्नतीलाही बोलले नाहीये. तुला का बोलले, कोण जाणे. विसर ते. विसरलास? शहाणा.

ए, आगाशी आलं की! हे देवळाजवळचं तळं बघ, एवढं मोठं आणि नुसतं पाणी! आपल्याकडची थंडी म्हणजे काय, लोक स्वेटर घालून वर पंखा लावतात. इथे बर्फ असता ना, तर मी तुला — थांब. त्या बसथांब्यावर कोण ते? निळा शर्ट, हातात केळी. अगं बाई! स्कूटर दुरुस्तीला टाकलीय, म्हणजे बाजाराला एसटीनं आले. तेच. नाही, तू ब्रेक नको दाबूस, पाय काढ. पुढे निघून जाता येईल मला. मान खाली घातली की दिसणारसुद्धा नाही.

नाही. थांबवते. इंडिकेटर दिला, बाजूला घेतली, बंद नाही पडली — बघितलंस ना? तुझी काच खाली कर.

अहो! अहो, इकडे! हो, मीच. भजन? झालं भजन, टाळ हे काय इथेच आहेत. नाही हो, पुढे हा क्लिफर्ड आहे, तुम्ही मागे बसा. पिशवी मांडीवर घ्या. बसलात नीट? आता हलू नका. तोल जातो.