काकांचं इंग्रजी विशेषण

आमच्या घरात एक नियम आहे: बघायला आलेल्या मंडळींसमोर मुलीने मान वर करायची नाही. का, ते विचारायचं नाही.

तर ऐका. रविवारी गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एक मुलगा, त्याची आई आणि काका आले. काकांच्या कोटावर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला, तोंडी मराठीचा अभिमान! त्यांनी मला खिडकीपर्यंत चालायला लावलं, मुलाशेजारी उभं करून उंची जोखली आणि मधेच इंग्रजी शब्द पेरून त्याला म्हणाले, "जरा फब्सी आहे."

मुलगा हसला. बाबांना शब्द कळला नाही. कौतुकच असेल समजून तेही हसले. ते मात्र मला सोसवलं नाही.

माझं बी.ए. इंग्रजीत झालंय, हे पत्रिकेत लिहिलेलं नसतं. मी मान वर केली.

"बाबा, फब्सी म्हणजे ठेंगणी-ठुसकी. काका, मराठीत म्हणायला लाज वाटली का?"

"गप्प बस, कार्टे!" आई पुटपुटली.

"अहो, गंमत केली," काका सावरले. "मुलगी आम्हाला पसंत आहे."

"मला मुलगा पसंत नाही."

सगळी थोर मंडळी माना खाली घालून पोह्यांच्या बशांकडे बघत बसली.