धुक्याचा धनी काय मागतो

चिनात्सु : नाही, पडदा तुझ्याकडे वळवणार नाही. तू नुसतं सांग, बटणं मी दाबते.

हिसाशी : अगं, न बघता सांगू कसं? वैद्याला लांबूनच नाडी दाखवतेस तू.

चिनात्सु : वैद्य मोठा असला की लांबूनही कळते. दादा म्हणायचा, हिसाशीचे डोळे बांधा, तरी तो धुक्याच्या धन्याला लोळवेल.

हिसाशी : मासातो असं म्हणायचा?

चिनात्सु : पाचवीपर्यंत.

(जपानमधलं साकाता गाव. डिसेंबरची तीस तारीख, दुपारचे दोन. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबदार गोधडीत पाय घालून चिनात्सु आणि तिच्या दादाचा शाळासोबती हिसाशी समोरासमोर बसलेली. मध्ये संत्र्यांची टोपली. हातातलं जुनं खेळाचं यंत्र चिनात्सुनं स्वतःकडे तिरकं धरलेलं.)

हिसाशी : खरं सांग, चिना. मला कशाला बोलावलंस? इतकी वर्षं नववर्षाच्या कार्डापलीकडे तुमच्या घरून एक शब्द नाही. आणि आज एकदम फोन, 'हिसाशीदादा, शेवटचा राक्षस मारायला ये.' माझी बायको हसत सुटली.

चिनात्सु : आईनं वर्षअखेरची साफसफाई काढली. कपाटाच्या वरच्या फळीवर या खेळाची ही कॅसेट निघाली. पाठीवर अजून दादाचं अक्षर आहे. 'मासातो सुगावारा, पाचवी. दुसऱ्यांनी हात लावू नये.' होनोकाला हवी आहे.

हिसाशी : होनोका म्हणजे त्याची मुलगी?

चिनात्सु : हो, सात वर्षांची. चारच्या गाडीनं येताहेत दोघं. मी फोनवर म्हटलं, चालते का ते बघून ठेवते. तर म्हणतो, 'तू नको हात लावू.' हसत म्हणाला हं. पण म्हणाला.

हिसाशी : अजून तेच धरून बसलाय?

चिनात्सु : धरून नाही बसला. बोलतो, खातो, भेटी आणतो. फक्त मी खोलीत शिरले की टेबलावरचा फोन उचलून खिशात घालतो. त्याला स्वतःला कळतही नसेल. चोवीस वर्षं झाली, मी बघते आहे.

हिसाशी : एका खेळातल्या राक्षसापायी...

चिनात्सु : राक्षसापायी नाही. चोर कोण, यापायी. तूच मोज. दादा अपेंडिक्ससाठी दवाखान्यात गेला, तेव्हा खेळातल्या त्याच्या पलटणीत त्यानं पाळलेले सहा राक्षस होते. परत आला तर पाच. त्याचा मोगुसा नव्हता. मधले चार दिवस कॅसेट तुझ्याकडे होती आणि शेवटचे दोन दिवस माझ्याकडे.

हिसाशी : मी तेव्हाच सांगितलं होतं. मी ती चालूसुद्धा केली नव्हती. गणितात कमी पडले म्हणून आईनं माझं यंत्र कपाटात कोंडलं होतं. चार दिवस कॅसेट दप्तरात होती. मग दारात तू होतीस, तुझ्या हातात दिली.

चिनात्सु : चांगलं पाठ आहे.

हिसाशी : खरं आहे म्हणून.

चिनात्सु : खरं कोणी पाठ करत नाही, हिसाशीदादा. संत्रं घे. मी पुलापाशी आले आहे. समोर सगळं पांढरं.

हिसाशी : थांब. तुझ्याकडे ते पुस्तक नाही का? डावपेचांचं, जाडजूड?

चिनात्सु : आहे की. प्रत्येक गुहेचा नकाशा, प्रत्येक राक्षसाची आवड. आणि बरोबर या पुलाशी आलं की शेवटचं पान. 'इथून पुढचं तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहा!' पुढे नुसतं चित्र.

हिसाशी : सगळी पुस्तकं तशीच असायची. दीड हजार येन घ्यायचे आणि ऐन घाटात सोडून द्यायचे.

चिनात्सु : म्हणून म्हटलं, ज्यानं पाहिलंय त्याला विचारावं.

हिसाशी : मी पाहिलंय ते माझ्या स्वतःच्या कॅसेटवर. सहावीत मिळाली मला, वाढदिवसाला.

चिनात्सु : मी कुठे काही म्हटलं? पहिली चाल सांग.

हिसाशी : मारायचं नाही. पहिले तीन फेरे नुसता बचाव. चौथ्यात धुकं विरळ होतं. पण तेव्हाही जोरदार राक्षस पुढे काढू नकोस. जो त्याला मारतो, त्याचंच बळ तो उचलतो आणि उलटवतो.

चिनात्सु : म्हणजे जितकं जोरात मारावं तितकं जोरात खावं?

हिसाशी : हो. म्हणून आधी हलक्या राक्षसाकडून एक चापट मारायची. तो ते चापटीएवढं बळ उचलतो. त्याच फेऱ्यात भारी राक्षस आणायचा आणि घाव घालायचा. तिसऱ्या जागेवरचा बर्फाचा बगळा काढ.

चिनात्सु : बगळा. बरं. ...बसला! अर्धा खाली आला रे!

हिसाशी : हुरळू नकोस. पुन्हा बचाव, पुन्हा चापट. घाई केली की संपलं. आम्ही मुलं तिथंच मरायचो. इथवर पोचलेल्या प्रत्येकाला वाटतं, आता आपण मोठे झालो.

चिनात्सु : पडला. नाही, उठतोय. हात फुटताहेत त्याला.

हिसाशी : दुसरं रूप. याला विष घाल आणि मग झोपव. झोपेत विष चढत राहतं, आपण फक्त वाट पाहायची.

चिनात्सु : काय शांतपणे सांगतोस! तुझ्या हातचा चहा प्यायला भीती वाटेल माणसाला.

हिसाशी : चहा तूच केला आहेस.

चिनात्सु : म्हणून तर तू अजून प्यायला नाहीस. ...अरे, जागा झाला. बगळ्याला धरलंय. तीन श्वास उरले. काय करू?

हिसाशी : जीवनगोळी दे. पिशवीत एकच आहे, जपून! आधी बचाव कर आणि मग...

चिनात्सु : मग?

हिसाशी : मग गोळी दे. दे ना, काय झालं? मरेल तो.

चिनात्सु : मी पिशवी अजून उघडलेली नाही.

हिसाशी : हो, पण... सगळ्यांच्या पिशवीत शेवटी एखादीच उरते.

चिनात्सु : वाटेतल्या दुकानात नव्याण्णव मिळतात. पुस्तकात पान चाळीसवर आहे. थांब, आता उघडते. ...औषधी पानं बावीस. विषावरचा उतारा नऊ. जीवनगोळी एक.

हिसाशी : योगायोग असेल.

चिनात्सु : बगळा म्हणालास तेव्हाच माझा हात थांबला होता. तिसऱ्या जागेवरचा. मग मीच स्वतःला समजावलं, बगळा सगळ्यांकडेच असतो तिसऱ्या जागेवर. मी नेहमी असंच समजावते. दादानं त्या दिवसानंतर हा खेळ एकदाही उघडला नाही. ही पिशवी कोणी शेवटची पाहिली, हिसाशीदादा?

हिसाशी : तू मला डाव टाकून बोलावलंस.

चिनात्सु : हो. जो मारतो त्याचं बळ उचलायचं. आत्ताच शिकले.

हिसाशी : चिना...

चिनात्सु : तुला ठाऊक आहे, शेवटी मी कबूल केलं होतं? सात वर्षांची होते. आई म्हणाली, एकदा 'मी केलं, चुकले' म्हण, विषय संपेल. मी म्हटलं. आणि म्हटल्यावर मलाच खरं वाटायला लागलं. रात्री अंथरुणात आठवत बसायचे, मी कोणतं बटण दाबलं असेल? मी यंत्राला हात लावला नव्हता, आणि तरी मला बोटाखालचं ते बटण आठवायचं! अजून आठवतं.

हिसाशी : पाच होत्या.

चिनात्सु : काय?

हिसाशी : जीवनगोळ्या. पाच होत्या, चार मी वापरल्या. आईनं यंत्र कोंडलं नव्हतं. मासातोनं एकच अट घातली होती, खेळ, पण साठवू नकोस. एकच खेळ साठवता येतो ना या कॅसेटीत, नवा साठवला की जुना पुसला जातो. मी ती अट पाळणार होतो, शपथ. म्हटलं, शेवट बघायचा आणि यंत्र बंद करायचं, कोणाला कळणार? दुसरं रूप पडलं की तो मरत नाही. तो विचारतो, 'पूल ओलांडायचा तर एकाला माझ्याकडे ठेव. कोणाला ठेवतोस?'

चिनात्सु : आणि तू मोगुसाला दिलंस.

हिसाशी : सहाव्या जागेवर होता. बाकी सगळे पन्नासाव्या पातळीचे, हा बाराव्या. युद्धनीती म्हणून ते बरोबरच होतं. मला वाटलं, मासातोच्या पलटणीत हा चुकून राहिलाय. मग पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली, सुंदर संगीत होतं. मी यंत्र बंद केलं. पुन्हा लावलं तर पूल तसाच, पण पलटणीत पाचच. शेवट झाला की हा खेळ आपण होऊन साठवतो. पुस्तकात नव्हतं ते. शेवटच्या पानापुढे होतं.

चिनात्सु : मग माझ्या हातात का दिलीस? दादाला दवाखान्यात नेऊन द्यायचीस.

हिसाशी : त्याचं तोंड बघवलं नसतं. दारात तू होतीस. हात पुढे केलास. मी विचार केला नव्हता, खरंच. विचार नंतर आला, जेव्हा त्यानं तुला विचारलं आणि मला नाही.

चिनात्सु : त्या दिवशी दादा ओरडला होता, 'तुला स्वतःचीसुद्धा किंमत नाही!' बाकी सगळं समजलं मला. ते वाक्य कधीच नाही समजलं.

हिसाशी : तुला माहीत नाही? त्यानं सांगितलं नाही कधी?

चिनात्सु : काय?

हिसाशी : मोगुसा ही जात झाली. त्यानं त्याला नाव ठेवलं होतं. शेवटी पडद्यावर येतं, मागे कोण राहिलं ते. 'चिनात्सु धुक्यात राहिली.' मी ते वाचलं, चिना. अकरा वर्षांचा होतो, पण वाचता येत होतं.

चिनात्सु : ...बाराव्या पातळीची.

हिसाशी : लढायला कधी काढलाच नव्हता त्यानं. एक जखम नव्हती अंगावर. नुसता बरोबर घेऊन हिंडायचा.

चिनात्सु : चहा पी. गार झाला.

हिसाशी : मी निघतो. त्याची गाडी येईल.

चिनात्सु : बस. बगळ्याला गोळी दिली मी. दुसरं रूपही पडलं मघाशी, तू बोलत होतास तेव्हा. तो विचारतोय.

हिसाशी : पाचही नावं आली?

चिनात्सु : पाच आहेत. आणि खाली सहावी ओळ आहे, बारीक. 'कोणालाच नाही.'

हिसाशी : ती घेऊ नकोस. ती घेतली की तो पुन्हा पहिल्या रूपात उभा राहतो आणि आता गोळीही नाही. अवघड आहे.

चिनात्सु : तेव्हाही दिसली होती का ही ओळ?

हिसाशी : दिसली होती.

चिनात्सु : घेतली. ...हं, आलं धुकं. तीन फेरे नुसता बचाव, बरोबर ना?

हिसाशी : तीन फेरे. चिना, मासातो आला की मी...

चिनात्सु : तो आला की दार तू उघड. ही कॅसेट या वेळी त्याच्या हातात दे.

हिसाशी : आणि काय सांगू?

चिनात्सु : सगळं नको, होनोका असेल बरोबर. एवढंच सांग, की चालू केली होतीस.