चौसष्ट मढी

इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या बंदरावर डिझेलच्या रांगेत म्हातारा हस्बी तांडेल माझ्यापुढे उभा होता. नव्या साहेबाने त्याला थांबवून हुकूम वाचून दाखवला : रोहिंग्यांची होडी दिसली तर किनाऱ्याला आणायची नाही.

"मग काय करायचं, साहेब?"

"पाणी द्या, भात द्या, अन् होडीचं तोंड फिरवून द्या."

"इंजिन बंद पडलेलं असलं तर?"

"आम्हाला कळवा. आम्ही ओढून नेऊ."

"किनाऱ्याला?"

"छे! हद्दीबाहेर. मदतच आहे ती."

"आमच्या दर्याचा रिवाज निराळा आहे हो. माणूस बुडताना दिसला की जाळं सोडून त्याला आणायचं. मढं असलं तरी आणायचं."

"मढं आणा ना. त्याला कोण नाही म्हणतंय?"

"त्याचे कागद?"

"मेलेल्याला कसले कागद, तांडेल!"

"अन् पुरायला जागा?"

"देऊ की. सरकारला तेवढी माणुसकी आहे."

"बरं झालं सांगितलंत. मग लिहून घ्या. काल मी चौसष्ट मढी आणली. आमच्या बायकांनी गरम कांजी पाजली, तशी एकेक करून सगळी उठून बसली."