देवघरातला सुपरहिरो

हसू नका, पण माझ्या लग्नाच्या रुखवतात एक सुपरहिरो होता. मी वर्षानुवर्षं जमवलेली हिंदी कॉमिक्सची अख्खी मालिका भावाने लाल कापडी बाइंडिंग करून एकत्र बांधून दिली होती. शेवटचा भाग नेमका लग्नाच्या गडबडीत आला, म्हणून तेवढाच वाचायचा राहिला होता. रुखवत मांडणाऱ्या मावशीला ती पोथी वाटली आणि तिने वर हळदकुंकू वाहिलं.

झालं! सेलूला सासरी आले तर पोथी थेट देवघरात. नव्या नवरीने कोणत्या तोंडाने सांगावं? स्वयंपाक करताना रोज समोर ते लाल बाइंडिंग दिसायचं, पण हात लावायची सोय नव्हती. सासूबाईंची पूजा मात्र दिवसेंदिवस लांबतच चालली होती.

हिरो जगतो की मरतो, या घोरात माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. शेवटी एका सकाळी धीर केला.

"आई, ती पोथी नाही हो."

"मले मालूम आहे," सासूबाई गंध उगाळत म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी उघडून पाह्यली. सुरुवात झकास आहे, पण मधात लय लांबवलं. त्या राक्षसाले तीनदा मारलं, तरी उठूनच राह्यला!"

"आई, शेवट नका सांगू..."

"हिरो मरते ना बिचारा शेवटी! नाई तं मी रोज फुलं कायले वाहून राह्यली?"