रायलीची भाषा

नाही, नाही – इंग्रजी नको. मघाशी दारातून आत येताना फिनिशमध्ये सुरुवात केलीस ना, तशीच चालू ठेव. अगं, तुझ्यावर उपकार म्हणून नाही सांगत, मला इंग्रजी येतच नाही. खरंच. काळा माणूस दिसला की सगळ्यांना वाटतं ह्याला इंग्रजी येणारच – आमच्या काँगोत शाळेत फ्रेंच, घरात चिलुबा, इंग्रजी कुठून येणार? बस त्या स्टुलावर. आणि तो मोज्यातला पाय खाली टेकवू नकोस, फरशी बर्फासारखी आहे, तो पुठ्ठा ओढ पायाखाली. हां. 'बूट आजारी आहे' म्हणालीस – कळलं की मला! दुरुस्त करून सांगायची काय गरज होती? हातात उघडा पडलेला बूट धरून आलेली पोरगी, चेन तुटलीय हे काय व्याकरणातून कळायला हवं? सगळी चेन बदलावी लागणार, दात गेलेत. थोडा वेळ लागेल. शिफ्ट आहे का? वृद्धाश्रमात? संध्याकाळची? मग बस निवांत.

डोळे कशानं लाल झालेत? वाऱ्यानं? बरं, वाऱ्यानं. मी नाही विचारत. पण शेजारच्या औषधाच्या दुकानात उभी होतीस, ते काचेतून दिसलं मला. तू काहीतरी बोललीस, ती मुलगी हसली आणि इंग्रजी बोलायला लागली, आणि तू एवढीशी झालीस – बरोबर ना? दिसतं गं ते, ऐकू यावं लागत नाही. वाईट नाही ती. तिला वाटतं आपण तुझं ओझं उतरवतोय. तू आख्खा डोंगर चढून वर पोचतेस, धापा टाकतेस, आणि ती प्रेमानं म्हणते – अगंबाई, चढलीस कशाला, इथे लिफ्ट होती की! काही जण मोठ्यानं बोलतात, म्हणजे आपण बहिरे. काही जण नुसते बघतात, एक अक्षर नाही – त्याचं मनावर घेऊ नकोस, ते आपापसातही तसेच असतात. आणि काही जण तुझ्याशी बोलतच नाहीत, बरोबरच्या माणसाशी बोलतात. माझ्या बायकोला विचारायचे – हे कॉफीत दूध घेतात का? मी तिथेच बसलेला, तोंडासमोर. ती म्हणायची, 'त्याला विचार ना, कॉफी तो पिणार आहे.' मग ते माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारायचे. मग ती म्हणायची, 'फिनिशमध्ये विचार. इंग्रजीतलं दूध तो घेत नाही.' अशी होती. लोक तिच्या तोंडाला जरा घाबरायचे.

रायली. रायली नाव तिचं. इथलीच, ईसाल्मीची. बेकरीत कामाला होती, मी नवीन आलो तेव्हा मला तिथेच भट्टीवर लावलं होतं. वर्गातलं फिनिश शिकून आलेलो, प्रत्येक शब्द अख्खाच्या अख्खा उच्चारायचो, पुस्तकात छापल्यासारखा – आणि इथे लोक अर्धा शब्द गिळून टाकतात, त्यात आपल्या ह्या सावो भागातले तर बोलतात ते गोल गोल फिरून, हो की नाही तेच कळत नाही. बाकीच्या बायका माझ्याशी खुणांनी बोलायच्या. रायली सरळ बोलायची, तिच्या बोलीत, तिच्या वेगानं, कळलं तर कळलं. नाही कळलं तर परत, त्याच वेगानं. धीर गोळा करून एकदा मी तिला म्हणालो – आता तुला हे कळेल बघ – भेटतो म्हणजे 'तपान', आणि जीव घेतो म्हणजे 'तपन'. एवढाच फरक. तर मी सगळ्या बायकांसमोर, पिठानं भरलेले हात घेऊन, छातीवर हात ठेवून तिला म्हणालो, 'उद्या मी तुझा जीव घेतो.' सगळ्या थिजल्या. रायलीनं हातातला ट्रे खाली ठेवला आणि विचारलं, 'किती वाजता? माझी सुट्टी चारला होते.'

हसलीस. कळलं म्हणजे. छान.

तर तशी शिकलो मी भाषा. पुस्तकातून नाही, तिच्या तोंडून. तिची बोली, तिच्या शिव्या, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडायची तिची ढब – सगळं तसंच आलं माझ्यात. फोनवर कुणाला पत्ता लागत नाही. एकदा जुनी होडी घ्यायची होती, एका म्हाताऱ्याशी फोनवर बोललो, तलावात मासे कुठे लागतात, इंजिन थंडीत कुरकुरतं का – तासभर गप्पा, म्हणाला ये उद्या, कॉफी टाकतो. गेलो. तो दारातून बाहेर आला, मला बघितलं, आणि इंग्रजीत एकेक शब्द टाकायला लागला – होडी, ही, छान. मी म्हटलं, अहो, मीच तो, कालचा. तर तो माझ्या मागे गाडीकडे बघायला लागला. तो फोनवरचा माणूस गाडीत बसलाय, असं वाटलं त्याला! घरी येऊन सांगितलं तर रायली हसून हसून खुर्चीवरून घसरली. मीही हसलो. ती असताना हसायला यायचं, त्याचं काय.

मान हलवतेस, पण कळतंय ना? नाही? बरं, सावकाश सांगतो. सुई बदलू दे जरा, हे चामडं जाड आहे.

तिच्या माहेरच्यांचं वेगळंच झालं. मोठी बहीण मार्केत्ता, हेलसिंकीला असते, चांगली बाई, फार चांगली. लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला फिनिश फारसं येत नव्हतं, म्हणून ती माणसं माझ्याशी इंग्रजीत बोलली. मला तेही येत नव्हतं, पण पाहुणा माणूस, मान हलवली, हसलो. आणि एकदा जी भाषा सुरू झाली ती झाली बघ. वर्षातून एकदा भेट, तेव्हा इंग्रजी. मी गप्प. आणि ह्या देशात गप्प बसलेल्या माणसाचं कुणाला काही वाटतच नाही! दुसरीकडे कुठे असतो तर कुणीतरी विचारलं असतं, काय झालं, बोलत का नाही? इथे उलट खूश – रायलीचा नवरा अगदी आपल्यासारखा आहे, म्हणे, शांत. रायली म्हणायची, सांगू का त्यांना? मी म्हणायचो, जाऊ दे, दोन दिवसांचा प्रश्न.

मग ती आजारी पडली. पोटात होतं. हे असलं आधी कळत नाही, कळतं तेव्हा सगळीकडे गेलेलं असतं. दवाखान्यात सुरुवातीला भांडायची ती, सवयीप्रमाणे – 'माझ्या नवऱ्याशी फिनिश बोला, नाहीतर माझ्याशीही बोलू नका.' सलाइन लावलेला हात वर करून! नर्सेस हसायच्या, ऐकायच्या. मग एक दिवस आम्हाला दोघांना आत बोलावलं. डॉक्टर तरुण होता. सभ्य. त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली, पुढे वाकला आणि इंग्रजीत सुरू झाला. हळू आवाजात. आता बघ, माझं काय झालं – मी त्याच्याकडे बघतच नव्हतो, मी रायलीकडे बघत होतो. आता तोडेल त्याला. आता म्हणेल. ती खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टर बोलतोय, बोलतोय, आणि ती काही म्हणत नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिली. तेव्हाच कळलं मला. त्याच्या बोलण्यातला एक शब्द समजला नव्हता, पण ती भांडली नाही ना – तिथेच कळलं.

बाहेर आलो, कॉफीच्या मशीनजवळ. ती म्हणाली, 'इलो' – इलुंगा नाव माझं, ती इलो म्हणायची, इलो म्हणजे आनंद, तुझ्या पहिल्या धड्यात असेल – म्हणाली, 'इलो, तो म्हणतोय आता औषध नाही. तलावावरचा बर्फ वितळेपर्यंत, म्हणतोय.' मी विचारलं, बर्फ वितळेपर्यंत, असं म्हणाला तो? तर म्हणाली, 'नाही. तो महिने म्हणाला. बर्फ मी म्हणतेय.'

स्वतःचं मरण तिला मला भाषांतर करून सांगावं लागलं, पोरी. आणि त्यातही मला कमी लागावं म्हणून शब्द बदलले तिनं.

कुणाला दोष द्यायचा? त्या डॉक्टरनं माझी सोयच बघितली. ह्यात कुणीच वाईट नाही, हाच तर – सोड. तो डबा दे जरा, मेणाचा. नाही, तो पिवळा.

गेली तेव्हा बर्फ होता अजून. कडेकडेनं काळा पडायला लागला होता. मार्केत्ता आली, सगळं तिनंच केलं, मला काही सुचत नव्हतं. आणि माझ्यासाठी म्हणून – माझ्यासाठी गं! – तिनं सगळा अंत्यविधी इंग्रजीत ठेवला. पाद्रीबाईंना सांगितलं, त्यांनी बिचाऱ्यांनी तयारी केली. इथे प्रत्येक जण फुलं घेऊन शवपेटीजवळ जातो आणि फुलांबरोबरचे चार शब्द मोठ्यानं वाचतो, तेही सगळ्यांनी इंग्रजीत लिहून आणलेले. बेकरीतली आउने आली होती, म्हातारी झालीय आता, गुडघे गेलेत. तिला इंग्रजीचा गंध नाही. नातीकडून कागदावर लिहून घेतलं होतं तिनं, इंग्रजी शब्द, पण फिनिशमध्ये वाचतात तशा अक्षरांत. पेटीशी उभी राहून ती ते वाचतेय, अडखळतेय, घाम पुसतेय, परत मागे जाऊन वाचतेय. आपण काय वाचतोय ते तिला कळत नव्हतं, काय ऐकतोय ते मला कळत नव्हतं, आणि मधे रायली पेटीत गप्प. तिथे 'फिनिशमध्ये बोला' म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते त्या पेटीत होतं.

का नाही बोललो? कसं बोलू? एवढी मेहनत केलेली लोकांनी.

पण नंतर, सभागृहात, कॉफी झाल्यावर – मी उठलो. ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उठले. बोललो. रायलीच्या बोलीत बोललो, दुसरी येतेच कुठे मला. म्हटलं, ती रात्री तिचे गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायची आणि वर म्हणायची, तू गरम देशातला, तुझ्याकडे साठा आहे. रेडिओवर हवामान सांगणाऱ्या माणसाशी ती रोज भांडायची, त्यानंच बर्फ पाडल्यासारखी. रागावली की बोलायची नाही, कणीक आपटायची, तिच्या हातच्या पावावरून कळायचं मला की काल माझं काय चुकलं. आणि म्हटलं, मी ह्या देशात आलो ते विमानानं, पण पोचलो ते तिच्या बोलण्यातून. असं काहीतरी. नीट आठवत नाही. मी बसलो. मग तिची एक मावशी काठी टेकत आली, माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांत पाणी तिच्या, आणि म्हणाली – 'किती सुंदर फिनिश बोलता तुम्ही. कुठे शिकलात?'

मग मार्केत्ता आली. मग तिचा मुलगा. मग आणखी कोणकोण. सगळे तेच. किती छान, आम्हाला ठाऊकच नव्हतं, अगदी सावोच्या माणसासारखं. रांग लागली. कौतुक करत होते गं, मनापासून. मी धन्यवाद म्हणत होतो. मी माझ्या बायकोबद्दल बोललो होतो, आणि त्यांनी माझी भाषा ऐकली.

हे मी तुला का सांगतोय, कोण जाणे. तू चेन बसवायला आलीस.

आता काय – मार्केत्ता मेसेज पाठवते, फिनिशमध्ये पाठवते हल्ली, तेवढं झालं. कसे आहात? बरा आहे. संपलं. इथे गिऱ्हाइकं येतात, किल्ली, टाच, धन्यवाद, जातात. घरी मी बोलतो. मोठ्यानं बोलतो. भाकरी काढली, पाऊस येतोय, तुझा तो हवामानवाला आज खोकत होता – असलं काहीबाही. नाहीतर जाईल ना ती माझ्या तोंडातून. ती बोली पोटभर बोलायला आता दुसरं कुणीच नाही. भावाला फोन करतो, काँगोत, आमच्या गावी एम्बुजी-मायीला, तर तो म्हणतो, दादा, तुझी चिलुबा कशी झालीय, तोंडात दगड धरून बोलल्यासारखी, ना चढ ना उतार. म्हणजे तिकडेही मी आता असाच, तुझ्यासारखा, दारात उभा.

घे. बघ खालीवर करून. अडकते? नाही ना. मेण लावलंय, थंडीत जरा –

काय म्हणालीस?

परत म्हण. अगं चुकलीस म्हणून नाही – चुकलीस, शब्दांचे शेवट सगळे चुकले, ते राहू देत तसेच. परत म्हण. 'रायली... हसणं... कसं होतं.' ती कशी हसायची, असं विचारतेयस तू मला.

कुणी विचारलं नव्हतं हे. त्या दिवशीही नाही, त्यानंतरही नाही.

ती... आधी आवाज यायचाच नाही. खांदे. आधी नुसते खांदे हलायचे, आणि मग –

थांब जरा.

नाही. नाही जमत. बूट घाल पोरी, उशीर होईल तुला, म्हातारी माणसं जेवायची थांबली असतील. दुसऱ्या एखाद्या दिवशी ये. बुटाचं काम नसतानाही ये. जा आता.