काचेवरचे हात

सुखदा : काका, लोगो बघितल्याशिवाय मी आज उठणार नाहीये. दोन वेळा टाळलंत.

विठोजी : टाळत नाही अक्का, चष्मा शोधतोय.

सुखदा : कपाळावर आहे. आणि अक्का काय? तुमच्या चंदनापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी. ऑफिसात ती मला दमात घेते.

विठोजी : आमच्या बेंगळुरात कामाला आलेली बाई म्हणजे अक्काच. तुमच्या पुण्यात काय म्हणतात देव जाणे. दाखव.

सुखदा : हा बघा. निळ्या गोलात पांढरा हात, खाली नाव, 'विठोजी प्रेस गार्ड्स'. वेबसाइटवर, कार्डवर, प्रत्येक गार्डच्या स्टिकरवर हाच. सोमवारी साइट लाइव्ह करायचीय.

विठोजी : ह्या हाताला तीन बोटं आहेत.

सुखदा : हो.

विठोजी : माझा हात आहे हा.

सुखदा : तुमचाच. मागच्या वेळी चहाचा ग्लास धरला होतात, तेव्हा गुपचूप स्केच केलं. चंदना रडली बघून. म्हणाली, बाबांना आधी विचारू नकोस, थेट दाखव.

विठोजी : म्हणून आज आली नाही होय? मीटिंग आहे म्हणाली मला.

सुखदा : काका, मी वर्षभरात चाळीसेक लोगो केले असतील. कॉफीवाले, योगावाले, कुत्र्यांचं सलून. सगळ्यांना एक स्टोरी हवी असते आणि नसते कुणाकडेच, मग मी बसून रचते. तुमच्याकडे आहे. एकोणिसाव्या वर्षी ज्याची दोन बोटं पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली गेली, त्यानं पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्यांची बोटं वाचवणारी जाळी बनवण्यात घातलं. मला तुमच्याबद्दल फार आदर वाटतो हो. तो ह्या चित्रात उतरलाय, म्हणून ते बरं झालंय.

विठोजी : चित्र चांगलं आहे. नख पण बरोबर काढलंस, थोडं वाकडं. पण नको.

सुखदा : का पण?

विठोजी : चंदनाच्या लग्नाचा अल्बम बघितलास?

सुखदा : दोनदा.

विठोजी : त्यात माझा उजवा हात शोध. कुठं शालीत, कुठं जावयाच्या पाठीमागं. एका फोटोत पण सापडायचा नाही.

सुखदा : लाज वाटते?

विठोजी : वाटायची. आता नुसती सवय राहिली. पण कारण ते नाही. मला सांग, गार्ड विकत कोण घेतो?

सुखदा : फॅक्टरीचा मालक.

विठोजी : आणि त्या गार्डच्या समोर बसतो कोण?

सुखदा : प्रेस चालवणारा.

विठोजी : आठ तास बसतो. तुझा स्टिकर बरोबर त्याच्या नाकासमोर येणार. म्हणजे त्यानं दिवसभर माझी तुटकी बोटं बघत पत्रा सरकवायचा. भ्यालेला हात थरथरतो, अक्का. आणि थरथरला की चुकतो. मालकाला पटवायला हे चित्र झकास आहे. बसणाऱ्याला नाही चालायचं.

सुखदा : (लॅपटॉप अर्धा बंद करते.)

विठोजी : रागावलीस?

सुखदा : स्वतःवर. पंधरा दिवस फक्त कसं दिसेल ह्याचा विचार केला, कोण बघेल ह्याचा केलाच नाही. तुम्ही कुठं शिकलात डिझाइन?

विठोजी : दहावी नापास आहे मी. राजाजीनगरात वशिल्यानं सुद्धा कुणी घेतलं नाही शाळेत परत.

सुखदा : मग आता काय काढू? पाच बोटांचा धडधाकट हात तर प्रत्येक 'थांबा' पाटीवर असतो. बरं, ते बघते मी. निदान फोटो तरी बघा. सकाळी काढले, तुम्ही बँकेत होतात तेव्हा. ही केबिन मस्त आलीय. काच आधी लख्ख पुसून घेतली, इतके तेलकट हातांचे डाग होते तिच्यावर.

विठोजी : पुसलीस? सगळी?

सुखदा : हो. काही चुकलं का? प्रेसवरचे परसूअण्णा 'बेडा अक्का, बेडा' म्हणत मागं लागले होते. मला वाटलं, पाहुणीनं काम करू नये म्हणून नको म्हणतायत.

विठोजी : बस, बस. घाबरू नकोस. साडेपाचला परत होईल.

सुखदा : काय होईल?

विठोजी : माझी बोटं गेली ना, तेव्हा आमचा मालक असाच केबिनमध्ये बसला होता. संध्याकाळपर्यंत त्याला पत्ता नव्हता. कुणी सांगायला गेलं नाही आणि त्यानं उठून बघितलं नाही. ह्या शेडमध्ये पण सहा प्रेस आहेत. म्हणून पहिल्या दिवसापासून आपल्याकडं एक रीत. सुट्टी झाली की प्रत्येकानं बाहेरून काचेवर दोन्ही हात टेकायचे. मी आतून बोटं मोजायची. दहा झाली की घरी.

सुखदा : रोज?

विठोजी : बावीस वर्षं.

सुखदा : आणि कधी नऊ...

विठोजी : अजून नाही.

(सुट्टीचा भोंगा होतो. माणसं एकामागून एक काचेपाशी येऊ लागतात.)

परसू : अण्णा, अक्कानं काच पुसली बघा. मी सांगत होतो, ऐकंना.

विठोजी : कळलं. ठेव हात. दहा. बायकोचा ताप उतरला?

परसू : उतरला.

सुखदा : परसूअण्णा, जरा तसेच थांबा. हात काढू नका.

परसू : तेल लागलंय अक्का. धुऊन येऊ?

सुखदा : बेडा. आहेत तसेच हवेत. काका, तुम्हाला आतून दिसतं तेच काढते. दोन तळवे, दहा बोटं, थोडं तेल. निळा गोल नाही, काही नाही. प्रेसवर बसणाऱ्याला समोर स्वतःचेच हात दिसतील.

विठोजी : हं. हे चालेल. माझ्यापेक्षा परसूचा हात देखणा पण आहे.

परसू : माझा हात वेबसाइटवर? घरी कुणाला पटायचं नाही.

सुखदा : सोमवारी दाखवा त्यांना. झालं, थँक्यू, जा तुम्ही. मीही निघते काका, के. आर. पुरमला पोचायला दोन तास लागतील.

विठोजी : निघते काय? इथं कामाला आलेलं कुणी असं जात नाही. बाहेर हो. हात.

सुखदा : मी नुसता लॅपटॉप चालवते हो.

विठोजी : ठेव. ...दहा. जा आता घरी.

सुखदा : आणि तुमची कोण मोजतं?

विठोजी : माझी काय मोजायची? पीण्याच्या सगळ्या इंडस्ट्रियल एरियाला पाठ आहेत.

सुखदा : ठेवा.

विठोजी : अगं, उशीर होतोय तुला.

सुखदा : होऊ दे. तो दुसरा पण. खिशातला.

विठोजी : ...घे.

सुखदा : आठ. जा आता घरी, अण्णा.