सेल जोडायची पट्टी

घड्याळाचा सेल घ्यायला आलेल्या शिक्षिकेचा नंबर दुसराच होता, पण तिच्या पुढचे म्हातारे गृहस्थ आणि दुकानदार यांचं काही आटपेना.

“काका, परत सेल जोडायची पट्टी? अहो, सुटे सेल जोडत बसण्यापेक्षा तयार लिथियम बॅटरी स्वस्त पडते आता. भाव पार कोसळलेत.”

“माहितीये. मागेच घेतली एक. माळ्यावर दडवून ठेवलीय. वीज गेली की घरातले दिवे-पंखे तिच्यावरच चालतात.”

“घेतली? आणि माझ्याकडून नाही?”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या मुलाला सांगून मोकळा झाला असतास.”

“मग ही पट्टी कशाला?”

“दर रविवारी तो बॅटरी बनवायला येतो. तो सेल धरतो, मी पट्टी चिकटवतो. एरवी आमचं बोलणं ‘बरा आहेस ना’च्या पुढे सरकत नाही. बॅटरी पुरी झाली की येईल कशाला?”

“पण कधीतरी पुरी होणारच ना!”

“होऊ देतोय होय! शनिवारी बसून चार जोड उचकटून ठेवतो. तो म्हणतो, ‘बाबा, तुमचा हात कापतो हल्ली.’ म्हणू दे.”

“अरे देवा.”

“काय झालं?”

“काका, तो परवा इथे आला होता. तयार बॅटरीचा भाव विचारला. जाताना म्हणाला, ‘भाव उतरलेत हे बाबांना सांगू नका.’ आणि मी तुम्ही आल्या आल्या तेच बरळलो.”

शिक्षिका हातातलं बंद घड्याळ उगीच पुसत राहिली.

“मीटरभर देऊ ना पट्टी?”

“मीटरभर कसली? अख्खं रीळ काढ.”